बीमाइंडर: चालढकलीला डॉलरमध्ये दंड

सकाळी फिरण्याचा फायदा सहा महिन्यांनी दिसणार, पांघरुणातली ऊब मात्र आत्ता मिळते. मन आत्ताच्या सुखाला जास्तच भाव देतं, आणि नुसती आठवण करून देणारी ॲप्स इथेच तोकडी पडतात. बीमाइंडर ही अमेरिकी सेवा त्या 'आत्ता'मध्येच तोटा आणून ठेवते. तुमच्या ध्येयाच्या आलेखावर एक लाल रेघ असते. रोजची नोंद तिच्या चुकीच्या बाजूला गेली की कार्डावरून पैसे कापले जातात. सुरुवात साधारण 5 डॉलरपासून, मग दर चुकीला 10, 30, 90, 270. मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख मोठं, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं. सेवेचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

खरी करामत मात्र दंडात नसून सात दिवसांच्या नियमात आहे. वेग, म्हणजे रोज किंवा आठवड्याला किती करायचं ते, कमी करायचा किंवा ध्येय सोडायचं, तर ते कधीही करता येतं, पण बदल लागू होतो आठवड्याने. त्यामुळे आज रात्री साडेअकराच्या कंटाळ्याला पळवाट नाही, आणि विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला आडकाठीही नाही. दिवाळीला गावी जाणार असाल तर सुट्टी किमान आठवडाभर आधी टाका. हे विसरणारे हमखास फराळाच्या ताटावर दंड भरतात.

बहुतेकांचं फसतं ते वेग ठरवताना. एमपीएससीच्या उत्तरलेखनाचं उदाहरण घ्या. मागच्या 4 आठवड्यांत 12 उत्तरं लिहिली असतील तर आठवड्याला 3 लावा. उत्साहाच्या भरात रोज 2 लावली की पंधरवड्यात गाडी घसरते, आणि एकदा घसरली की 'आता काय, गेलंच' म्हणून उरलेलंही सुटतं. महिनाभर हिरव्यात राहिलात की वेग वाढवा. हिरवा म्हणजे दंडाआधी हाताशी किमान 3 दिवस, निळा 2, नारिंगी 1, आणि लाल म्हणजे आजच.

दुसरी चूक म्हणजे परिणाम मोजणं. शरीरातल्या पाण्यामुळेच वजन दिवसात किलोभर वरखाली होतं. त्यावर दंड लावणं म्हणजे जुगार. त्यापेक्षा चाललेली मिनिटं किंवा सोडवलेली गणितं मोजा. मुदत मूळ सेटिंगमध्ये मध्यरात्रीची असते. ती रात्री 9 वर आणा, नाहीतर झोपेचं खोबरं.

हाताने भरलेल्या आकड्यात खोटेपणा सहज जमतो. त्यावर उपाय म्हणजे व्यायाम मोजणारं फिटबिट किंवा स्ट्राव्हा, किंवा प्रोग्रॅमचा कोड ठेवायचं गिटहब जोडणं. मग नोंद आपोआप येते. आजारपणामुळे किंवा तांत्रिक घोळामुळे घसरलात तर आलेल्या ईमेलला उत्तर द्या, दंड मागे घेतला जातो. दंडाची कमाल मर्यादाही आधीच बांधून घ्या. 30 डॉलर पुरे. 90 ला माणूस सुधारण्याऐवजी खातंच बंद करतो.

आलेख किचकट आहे, पहिला आठवडा तो समजण्यातच जातो. मराठीत काहीच नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू लागतात, आणि काही भारतीय बँका आपोआप होणारी डॉलर-कपात अडवतात. दंडच वसूल झाला नाही तर धाक कसला?

माणसाची नजर हवी असेल तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी काढलेलं स्टिक (stickK) हे संकेतस्थळ बघा. तिथे पंच नेमता येतो, आणि हरलात तर पैसे तुम्हाला न पटणाऱ्या संस्थेला जातील अशीही सोय आहे. मात्र पंच म्हणून जिवलग मित्र नेमू नका, तो सोडून देतो.