जिराचा कंट्रोल चार्ट : व्हेलॉसिटीच्या आधी हा उघडा

गेली सहा वर्षं जिरा (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) वापरतेय पण त्यातला कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रत्येक कामाला किती दिवस लागले ते दाखवणारा आलेख, पहिल्यांदा नीट उघडला तो मागच्या वर्षी, म्हणून मुद्दाम त्याच्यावरच लिहितेय.

त्याआधी सगळा जीव व्हेलॉसिटीत, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये (कामाचा ठरावीक छोटा टप्पा) टीमने किती पॉइंटचं काम संपवलं त्यात. पॉइंट म्हणजे काम केवढं मोठं याचा टीमने लावलेला अंदाज. माझ्या आधीच्या कंपनीत तर दोन टीमचे आकडे शेजारी शेजारी लावून विचारायचे की त्यांचे 48 पॉइंट मग तुमचे 31 च कसे, मग काय, पुढच्या स्प्रिंटपासून 3 पॉइंटची स्टोरी (म्हणजे एक काम) 5 ची व्हायला लागली, आकडा वाढला आणि रिलीज होतं तिथेच. फार वाईट वाटायचं, पोरं खरंच मर मर मरत होती. व्हेलॉसिटी हा शब्द 2020 च्या स्क्रम गाईडमध्ये (स्प्रिंटने काम करायच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका) कुठेच नाहीये! पुढच्या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यायचं याचा अंदाज बांधायला ठीक, पण प्रत्येक टीमचा पॉइंट वेगळा, त्यात तुलना कसली करता.

कंट्रोल चार्टवर पॉइंट नाहीत, सरळ दिवस मोजलेत. ठिपका म्हणजे इश्यू (एक काम, म्हणजेच तिकीट), जितका वर तितके जास्त दिवस, लाल रेघ सरासरी, निळी रेघ सरकती सरासरी (आसपासच्या इश्यूंची), आणि निळसर पट्टा म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, दिवस सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात ते. पट्टा अरुंद असेल तर "कधी देणार?" या प्रश्नाला छातीठोक उत्तर देता येतं.

रेट्रोत (स्प्रिंट संपल्यावरची आढावा बैठक) आम्ही वर लटकलेला एक ठिपका उघडला. लॉगिन स्क्रीनवरचा एवढासा बदल, लागले नऊ दिवस. एकेक स्टेटस बघत गेलो तर कोडिंग दीड दिवस, टेस्टिंग एक, आणि साडेसहा दिवस कोड रिव्ह्यूत (दुसऱ्याने कोड तपासायची वाट बघत) नुसतं पडून! सगळे गप्प. कोणीही आळशी नव्हतं हो, आपलं झालं की जो तो नवीन तिकीट उचलायचा आणि दुसऱ्याचा रिव्ह्यू राहून जायचा.

मग जिराच्या बोर्डवर रिव्ह्यूच्या कॉलमला एका वेळी कमाल 3 तिकिटांची लिमिट लावली. चौथं तिकीट आलं की कॉलम लाल होतो, जिरा अडवत मात्र नाही, म्हणून ठरवलं की लाल दिसला तर स्टँडअप (रोजची छोटी बैठक) झाल्यावर आधी रिव्ह्यू, मग आपलं काम. अर्धवट कामं जेवढी जास्त तेवढं प्रत्येकाला थांबणं जास्त, हा लिटलचा नियम 1961 मध्येच सिद्ध झालाय, आम्हाला तो या चार्टमुळे पटला. तीनेक महिन्यांत निळी रेघ चांगलीच खाली आली.

दोन गोष्टी सांभाळा. तिकिटं रोजच्या रोज पुढच्या कॉलममध्ये हलवा, शुक्रवारी संध्याकाळी एकदम ओढली तर चार्टला काही अर्थ नाही. आणि विसरलेलं एखादं चाळीस दिवसांचं तिकीट सरासरी बिघडवतं, त्याला लेबल लावून क्विक फिल्टरने (हवी तेवढीच तिकिटं दाखवणारी चाळणी) बाहेर काढा. प्रॉडक्शनला (लोक खरोखर वापरतात त्या सिस्टिमवर) किती वेळा फुटलं हे इथे कळत नाही, ते वेगळं मोजावंच लागतं.

दहा जणांपर्यंत जिरा फुकट आहे, छोट्या टीमने बिनधास्त करून बघा. क्विक फिल्टर माणसागणिक पण लावता येतो, मी तो बनवलेला नाही आणि मॅनेजरने मागितला तरी बनवणार नाही.