फोंड्यात मुक्काम: अग्रशाळेत की बाजारातल्या हॉटेलात?

कुळदेवाला यायचं ठरलं की मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांचा पहिला फोन मला येतो. मी गोव्यातल्या फोंड्याचा, घर दोन खोल्यांचं. "आमच्याकडेच या" म्हणतो, पण फार आग्रह करत नाही. मग उरतात दोन सोयी: देवस्थानची अग्रशाळा, म्हणजे देवळापाशी भाविकांसाठी बांधलेल्या खोल्या, नाहीतर बाजारातलं लहान हॉटेल.

पोर्तुगिजांच्या जाचामुळे 1560 च्या सुमारास मंगेश कुशस्थळीहून इकडे आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. म्हणून इतकी कुळदैवतं फोंड्याच्या आसपास. मंगेशी सात-आठ किलोमीटर, म्हार्दोळ त्याच रस्त्यावर, कवळे तर तीनेकच. तेव्हा अंतराची काळजी सोडा. मी आधी विचारतो, रेल्वेगाडी कुठली?

मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या मडगावला सकाळी दहा-अकराला येते. त्या वेळी अग्रशाळेच्या कार्यालयात माणूस असतो. दिवसाच्या मांडवीने आलात तर मडगावलाच संध्याकाळचे सात वाजतात, गाडी रखडली तर विचारूच नका. आत्या गेल्या मे महिन्यात रात्री साडेनऊला एका अग्रशाळेच्या बंद फाटकापाशी बॅगेवर बसली होती. फोनवर "खोली ठेवतो" म्हणालेला गृहस्थ केव्हाच घरी गेलेला. शेवटी मी स्कूटरवरून तिला आणली, बॅग पायांत. हॉटेलात रात्री बारालाही कुणीतरी डोळे चोळत दार उघडतं.

पहाट मात्र अग्रशाळेचीच. खोलीत दोन खाटा, पंखा, कपड्यांना भिंतीत खिळे; गरम पाणी ठरल्या वेळेलाच, मग बादली घेऊन रांग. पण दार उघडलं की समोर दीपस्तंभ, आणि अंगणात आपल्या पावलांखेरीज आवाज नाही. सोमवारी मंगेशीची पालखी बघायची असेल तर तिथेच राहा, रात्री परतीची बस शोधायला नको. जत्रेच्या दिवसांत मात्र आशा धरू नका, महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या मानकरी कुटुंबांच्या, घरच्यांनी खोल्या आधीच धरलेल्या असतात.

बाजारातल्या हॉटेलात खोली मागच्या बाजूची मागा. रस्त्याकडची मिळाली तर पहाटेपासून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसचे हॉर्न. पावसाळ्यात पैसे भरण्याआधी उशी हुंगून बघा. माझ्या मेहुण्याने ती हुंगली नाही आणि रात्रभर स्वतःचाच टॉवेल डोक्याखाली घेऊन झोपला. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे बहुधा जमिनीवर टाकलेली गादी, ती आधी डोळ्यांनी बघा. भाडं ठरवताना जीएसटी धरून की सोडून, तेही विचारा.

जेवणाचं सोपं आहे. अग्रशाळेत मासे नाहीत, दारू तर नाहीच. बाजारात सकाळी पातळ भाजी आणि गरम उंडो, म्हणजे गोल पाव; दुपारी हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर. लहान मुलं आणि मासेखाऊ मंडळी बरोबर असतील तर मी सरळ हॉटेलच सांगतो. सत्तरीपुढच्यांना अग्रशाळा, पण तळमजल्याची खोली मिळाली तरच.

आत्या पुन्हा येतेय, आणि मांडवीनेच. पहिली रात्र बाजारात, दुसरी अग्रशाळेत असं ठरवलंय. मेहुणा दोन्ही रात्री बाजारात राहणार म्हणतो, सुंगटांपायी. उशीचा अभ्रा या वेळी घरून आणतोय.