शेतावर नेट पण पाहिजे आणि रात्रीचं आभाळ पण: फायबर, एअरफायबर का सॅटेलाइट?

सध्या हा प्रश्न दोन टाइपची माणसं विचारतात. एक म्हणजे ज्यांचं शेत गावापासून दोन-चार किलोमीटर आत आहे, हुरडा पार्टी नाहीतर कृषी पर्यटन चालू करायचंय, पाहुण्यांना वायफाय लागतं आणि विहिरीच्या मोटरीवर सीसीटीव्ही पण पाहिजे. दुसरे आपले आकाशदर्शनवाले, ज्यांना स्टारलिंक, म्हणजे हजारो सॅटेलाइट सोडून नेट देणारी सेवा, म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. आणि काही जण दोन्ही आहेत, दिवसा ज्वारी आणि रात्री टेलिस्कोप, त्यांची खरी पंचाईत आहे कारण त्यांना वाटतं स्टारलिंकची डिश छतावर लावली म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. तर तसं आहे का नाही ते बघू.

आधी निकाल सांगून टाकतो. फायबर येत असेल तर फायबर घ्या आणि विषय संपवा. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (सरकारी फायबर योजना) केबल आलीय का, शेजारच्या वस्तीवर कुठल्या केबलवाल्याचा बॉक्स आहे का, तिथून आपल्यापर्यंत वायर ओढायचा खर्च किती, हे एकदा विचारून घ्या. महिन्याचे प्लॅन चारशे-पाचशेपासून चालू होतात, पिंग (क्लिक केल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ) मस्त, वीज नावाला लागते. त्रास एकच, जेसीबी. पाइपलाइनसाठी कोणी चर काढला की केबल गेली आणि जोडणारा माणूस त्याच्या सवडीनं येणार.

एअरफायबर म्हणजे छतावर डबा लावून ५जी टॉवरवरून नेट. हायवेलगत, आपल्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात रोडच्या बाजूला असाल तर बघा, पण करमाळ्याच्या नाहीतर मंगळवेढ्याच्या आत गेलात तर आधी फोनवर ५जी दिसतंय का ते बघा मग पुढं बोला. ५जी नसेल तर ४जी राउटर आणि उंच पाइपवर बाहेरचा अँटेना, हे जुगाड पण बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव त्याच टॉवरवर असतं त्यामुळं तेव्हा स्लो. आभाळाचं म्हणाल तर या दोन्ही पर्यायांनी आभाळाला काहीच होत नाही.

आता ज्यांच्याकडं यातलं काहीच येत नाही त्यांच्यासाठी सॅटेलाइट. इथं लोक सगळं एकच समजतात, पण उंचीप्रमाणं माल पूर्ण वेगळा आहे.

सगळ्यात वरचे म्हणजे ३५,७८६ किलोमीटरवरचे, जे पृथ्वीबरोबरच फिरतात म्हणून आपल्याला एका जागी थांबल्यासारखे असतात. बँकेच्या शाखेवर, पेट्रोल पंपावर जी एकाच दिशेला तोंड करून बसलेली डिश दिसते ती यांची. आपल्या इस्रोचा जीसॅट-एन२ याच उंचीवरचा, ४८ जीबीपीएस क्षमतेचा, आणि गंमत बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वर सोडला स्टारलिंकवाल्यांच्याच फाल्कन-९ रॉकेटनं. या प्रकाराची अडचण म्हणजे अंतर. तुमचा क्लिक वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर आणि परत खाली, यात नुसत्या प्रकाशालाच अर्धा सेकंद लागतो, म्हणून पिंग ६०० मिलिसेकंदाच्या आसपास. बिल काढणं, मेल, सीसीटीव्हीचा एखादा फोटो, एवढं निवांत होतं. व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम गप्प बसतात.

मधले म्हणजे वनवेब, साधारण १,२०० किलोमीटरवर, सहाशेच्या वर सॅटेलाइट. यात आपल्या भारतीचा (एअरटेलवाले) मोठा वाटा आहे आणि ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटनं यांचे ३६-३६ असे ७२ सॅटेलाइट श्रीहरिकोट्यावरून सोडलेत. पण हे घरगुती गिऱ्हाइकासाठी नाही, कंपन्या, सरकारी खाती, मोबाइल टॉवरला जोडणी, असला धंदा आहे त्यांचा. तुमच्या शेतावर थेट नाही आलं तरी गावच्या टॉवरला मागून हे जोडलेलं असू शकतं.

आणि खालचे म्हणजे ५५० किलोमीटरच्या आसपासचे स्टारलिंक. पिंग २५ ते ५० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ केबलसारखं. आता हे नीट समजून घ्या कारण सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. सॅटेलाइट खाली आणला की पिंग कमी होतो, पण खाली असल्यामुळं त्याला जमिनीचा छोटासाच तुकडा दिसतो आणि तो काही मिनिटांत आपल्या डोक्यावरून निघून जातो, मग लगेच दुसरा पाहिजे, मग तिसरा, म्हणून हजारो लागतात. मे २०१९ मध्ये त्यांनी पहिले ६० सोडले तेव्हा जगातल्या सगळ्या देशांचे चालू सॅटेलाइट मिळून साधारण दोन हजार होते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये या एकट्या कंपनीनं सोडलेल्यांचा आकडा दहा हजाराच्या पुढं गेला. ॲमेझॉनला पण ३,२३६ सोडायचेत, त्यांनी एप्रिल २०२५ पासून सुरुवात केलीय. म्हणजे ज्या कारणानं तुमचा व्हिडिओ कॉल नीट चालतो त्याच कारणानं खगोलवाल्यांची झोप उडालीय.

आता आभाळाचा हिशोब. इथं पण उंचीवरच सगळं आहे, आणि उलटसुलट आहे. सॅटेलाइटला स्वतःचा दिवा नसतो, सूर्याचा उजेड त्याच्यावर पडतो म्हणून तो दिसतो. सूर्य आपल्यासाठी मावळला तरी वर त्यांना काही वेळ ऊन असतं. सोलापूरच्या अक्षांशाला ५५० किलोमीटरवरचा, बरोबर डोक्यावर असलेला सॅटेलाइट सूर्यास्तानंतर दीड-पावणेदोन तासांत पृथ्वीच्या सावलीत जातो. १,२०० वाल्याला सव्वादोन तासांच्या वर लागतात. म्हणजे स्टारलिंक जवळ म्हणून जास्त चमकतो पण लवकर विझतो, वनवेब लांब म्हणून नुसत्या डोळ्याला दिसत नाही पण उशिरापर्यंत उजेडात राहतो आणि हळू सरकतो, त्यामुळं मोठ्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात त्याची रेघ बराच वेळ रेंगाळते. ज्यांनी खगोलाचा अभ्यास केलाय ते म्हणूनच जास्त उंचीवरच्या ताफ्यांना जास्त घाबरतात, आणि मला ते पटतं. ३५ हजारवाले संख्येनं थोडे आणि अंधूक, त्यांचा त्रास फार कमी.

यात आपलं नशीब बरं आहे. युरोपात ५० अंशाच्या आसपास उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाच्या फार खाली जातच नाही, त्यामुळं रात्रभर सॅटेलाइट चमकत राहतात, आणि स्टारलिंकच्या बऱ्याच कक्षा ५३ अंशाला कललेल्या असल्यामुळं गर्दी पण तिकडंच जास्त. आपण साडेसतरा अंशावर, आपल्याला रात्री नऊनंतर ते पहाटे चारपर्यंत डोक्यावरचं आभाळ बऱ्यापैकी मोकळं मिळतं.

किती चमकतात? तेजस्वितेची प्रत जितकी मोठी तितका तारा अंधूक, आणि अंधाऱ्या जागी डोळ्याला साधारण सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं म्हणणं आहे की सॅटेलाइट सातव्या प्रतीपेक्षा अंधूक पाहिजेत. स्टारलिंकनं काळा लेप लावून बघितला, २०२० मध्ये छत्रीसारखी झापड लावून बघितली, मग सॅटेलाइट एकमेकांशी ज्या लेसरनं बोलतात त्याच्या आड येते म्हणून ती काढली आणि आता आरशासारखा थर लावतात. फरक पडलाय, पण सातव्याच्या पलीकडं सगळे आणि कायम गेलेत असं नाही. नुकतेच सोडलेले तर सरळ ओळीत चमकत जातात, आणि मग आपल्या ग्रुपवर यूएफओचे व्हिडिओ सुरू. (२ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रभर दिसलेला जळता पट्टा वेगळा होता हां, ते चिनी रॉकेटचे तुकडे, सिंदेवाहीला त्याची कडी पडली होती.)

खरा धोका मला वेगळ्याच गोष्टीचा वाटतो, थेट साध्या मोबाइलला सिग्नल देणारे सॅटेलाइट. त्यांना अँटेना अवाढव्य लागतो. एएसटी या अमेरिकन कंपनीच्या, २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर-३ चा पसारा ६४ चौरस मीटर होता आणि तो कधी कधी प्रश्वा या ठळक ताऱ्याइतका चमकायचा. त्याच कंपनीचा पुढचा, ब्लूबर्डचा मोठा अवतार, इस्रोनं २४ डिसेंबर २०२५ ला सोडला, त्याचा अँटेना २२३ चौरस मीटर म्हणजे दोन गुंठ्यांच्या वर. एलव्हीएम-३ चं उड्डाण बघून टाळ्या मी पण वाजवल्या, वाजवायलाच पाहिजेत, पण वर काय नेलं ते पण माहीत असू द्या.

मोठ्या दुर्बिणींचं काय होतं ते आपल्या टेलिस्कोपवरून कळत नाही. आपण तीस सेकंदाचे शंभर फोटो काढतो, पाच-दहात रेघ आली तर स्टॅकिंगवाला (सगळे फोटो एकावर एक रचून एक करणारा) सॉफ्टवेअर ती गाळून टाकतो, विषय संपला. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचं तसं नाही. ८.४ मीटरचा आरसा, ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, जून २०२५ मध्ये पहिले फोटो आले, आणि दहा वर्षं सगळं दक्षिण आभाळ परत परत टिपायचंय. एवढ्या मोठ्या चौकटीत रेघ येणारच, आणि चमकदार रेघ आली तर तेवढ्या पिक्सेलवर थांबत नाही, बाजूच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये तिच्या खोट्या सावल्या पण उमटतात. सगळ्यात जास्त मार संधिप्रकाशातल्या फोटोंना, आणि सूर्याच्या बाजूनं येणारे लघुग्रह तेव्हाच शोधतात. कॅलिफोर्नियातल्या झेडटीएफ या आकाश सर्वेक्षणात संधिप्रकाशातल्या फोटोंपैकी रेघ असलेले २०१९ च्या शेवटी अर्धा टक्का होते, ऑगस्ट २०२१ ला १८ टक्के झाले. तेव्हा स्टारलिंक दोन हजार पण नव्हते.

रेडिओ दुर्बीणवाल्यांचं दुखणं अजून वेगळं, त्यांना दिवस-रात्र, सावली, काही नसतं. हे आपल्या घरचं प्रकरण आहे कारण नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. स्टारलिंक ज्या फ्रिक्वेन्सीवर नेट देतं ती जीएमआरटीच्या बरीच वर आहे, त्यामुळं लोक म्हणतात मग काय प्रॉब्लेम. प्रॉब्लेम असा की सॅटेलाइटच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स न ठरवता पण काहीबाही सोडत असतं. नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीनं २०२३ मध्ये ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये ते पकडलं, आणि २०२४ मध्ये सांगितलं की नव्या पिढीच्या सॅटेलाइटचं हे गळणं आधीपेक्षा ३२ पटीपर्यंत जास्त आहे. ही पट्टी जीएमआरटी ऐकते त्यातलीच. ऑप्टिकलवाले रेघ निदान डोळ्यानं बघतात, इथं ताऱ्याची कुजबुज कुठली आणि सॅटेलाइटची कुठली ते वेगळं काढण्यात माणसं म्हातारी व्हायची.

बरं, परत शेतावर येऊ. तुम्ही डिश घेतली काय आणि नाही घेतली काय, सोलापूरवरून जाणारे सॅटेलाइट तेवढेच जाणार. तुमच्या एका कनेक्शननं तुमच्या आभाळात एक पण रेघ वाढत नाही, त्यामुळं तो अपराध मनात धरू नका. तुमचं आभाळ खरं कोण खातंय तर गोठ्यावरचा तो दोनशे वॅटचा पांढरा एलईडी, आणि हुरड्याच्या सीझनलाच गळीत हंगाम असतो त्यामुळं साखर कारखान्याचा उजेड वेगळा. कारखान्याचं आपल्या हातात नाही, गोठ्यावरचा दिवा आहे. त्याचं तोंड जमिनीकडं करा, वरून झाकण लावा, पिवळा बल्ब लावा. पाहुण्यांना आकाशगंगा दाखवायची असेल तर सॅटेलाइट विरोधापेक्षा याचा शंभरपट फायदा.

घ्यायचंच ठरलं तर या गोष्टी बघा. वीज: स्टारलिंकची साधी डिश ७५ ते १०० वॅट खाते, म्हणजे दिवसाला दोन युनिटच्या आसपास, आणि शेतीच्या फीडरला लाइट किती तास असते ते मी सांगायला नको. १५० एएचच्या बॅटरीवर रात्र निघेल, पण त्याच बॅटरीवर पंखा-फ्रिज पण टाकला तर नाही. छोटी मिनी डिश २५ ते ४० वॅटची आहे, सोलरवाल्यांना ती बरी. जागा: आभाळ मोकळं पाहिजे, लिंबाच्या झाडाखाली लावली तर सारखं तुटणार. पाऊस: आपल्याकडं एरवी कोरडंच, पण सप्टेंबरचा परतीचा जोरात आला की तेवढा वेळ नेट जाणार.

पैशाचं सांगायचं तर स्टारलिंकला भारतात जून २०२५ मध्ये लायसन्स मिळालं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या साइटवर महिना ८,६०० आणि किट ३४,००० असे आकडे झळकले, मग कंपनीच म्हणाली तो चाचणीचा डेटा होता. त्यामुळं त्या आकड्यावर बजेट बांधू नका. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याशी इरादापत्र केलं त्यात नावं घेतलेले जिल्हे गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपलं शेजारचं धाराशिव, सोलापूरचं नाव त्यात नाही. म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडं-पलीकडं असा फरक पडू शकतो.

माझ्या मते नुसता सीसीटीव्ही आणि फोनपे चालवायचा असेल तर ४जी राउटर आणि उंच अँटेना पुरतो, त्यासाठी सॅटेलाइट म्हणजे फुकटचा खर्च. राहायला पाहुणे येतात, कोणी तिथून ऑफिसचं काम करणार आहे आणि टॉवर खरंच पोचत नाही, तरच खालच्या उंचीवालं सॅटेलाइट. ३५ हजारवालं शेतावर मी कोणाला सुचवणार नाही. आणि स्टारलिंकचं बुकिंग करून देतो म्हणून कोणी आत्ताच दोन-पाच हजार ॲडव्हान्स मागत असेल तर कंपनीच्या साइटवर स्वतः पत्ता टाकून बघा, तिथं ऑर्डर होत नसेल तर त्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.