मायक्रॉन मोजणाऱ्याची फसगत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, चार माणसं. सकाळी शटर वर गेलं की संध्याकाळपर्यंत आमचं सगळं बोलणं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतं. 'अजून वीस घे', 'पाच जास्त गेलाय, जॉब रिजेक्ट' असलं. अशा माणसाला गाडीवर वॅक्सचे 'सात थर, प्रत्येक थर पाच मायक्रॉन' असं सांगून एका पोरानं साडेचौदा हजाराला गंडवलं, हे लिहायला लाज वाटते. पण गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी असलीच पॅकेजं घेतल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

गाडी तीन वर्षांची, गडद निळी. गडद रंग घेऊ नका असं शोरूमला सोबत आलेल्या मेहुण्यानं सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. एप्रिलातल्या एका रविवारी जोतिबाला गेलो. गाडी लावेपर्यंत बॉनेटवर गुलालाचा सडा पडला. उतरताना वळवाची सर आली आणि तो गुलाल भिजून चिकटला. घरी आल्यावर मी शहाणपणा केला. पाणी न मारताच कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे. तसे थोडे आधीपासून होतेच. ऊस गाळपाच्या हंगामात आमच्या भागात चिमणीतली काजळी पडते, ती रोज सकाळी वायपर मारून आणि फडकं फिरवून घालवायची आम्हा सगळ्यांची सवय. त्या काजळीत चिपाडाची राख असते, आणि राख म्हणजे बारीक एमरी पेपरच.

तर वॅक्सवाल्याकडे गेलो. दुकान शहरातलंच. नाव लिहीत नाही, कारण असली दुकानं एक नाही, बरीच आहेत. पुढं काच, आत एसी, काळा टी-शर्ट घातलेला एक चुणचुणीत मुलगा.

"काका, टेन्शनच घेऊ नका. पाच वर्षं गाडीकडं बघायचं नाय."

मग खेळ सुरू झाला. एका भंगारातल्या बॉनेटच्या अर्ध्या भागावर वॅक्स लावलेलं होतं. त्यानं तांब्यानं पाणी ओतलं. एका बाजूला पाणी पसरलं, दुसऱ्या बाजूला अळवाच्या पानावर फिरतात तसे थेंब पळाले. मग थोडं स्पिरिट ओतून लायटर लावला, निळी ज्योत उठली, विझली, त्यानं हात फिरवला, डाग नाही. शेवटी गाडीची चावी ओढून दाखवली. "नाईन एच आहे काका. हिरा दहा, आपलं नऊ."

इथं मला शंका यायला हवी होती. डिप्लोमाला असताना ड्रॉइंग शीटवर २एच आणि ४एचच्या पेन्सिली मी झिजवल्या आहेत. ९एच मधलं 'एच' तेच. रंगाच्या कठीणपणाची एक चाचणी असते, तिच्यात ठरावीक कोनात आणि ठरावीक वजनानं पेन्सिल ओढतात. ९एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलीनं ओरखडा उठला नाही, बस. हिऱ्याचे दहा गुण आहेत ते खनिजांच्या मोजपट्टीवर, त्या पट्टीचा आणि पेन्सिलीचा काही संबंध नाही. आणि हा ९एचचा दावा करतात तो सिरॅमिक कोटिंगवाले. हा मुलगा विकत होता वॅक्स, जे नखानं खरवडून निघतं. आगीचंही तसंच. स्पिरिट उडून वर जळतं, पाच-सात सेकंदांत विझतं, खाली वॅक्स असो नसो, रंगाला काही होत नाही. चावीचा ओरखडा का उठला नाही हे नंतर समजलं. ती चावी त्यानं दातांकडून नाही, गुळगुळीत पाठीकडून ओढली होती. हे सगळं मी बघत होतो हो! बघूनही मान डोलावत होतो.

त्याचं कारण मी नंतर बराच विचार करून शोधलं. त्यानं मला आकडा दिला. "एकेक थर पाच मायक्रॉन, सात थर, पस्तीस मायक्रॉन वाढतंय काका, कंपनीच्या क्लिअर कोटएवढं." क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. माझ्या धंद्याचं माप त्यानं माझ्याच पुढ्यात टाकलं आणि मी गप्प झालो. बाकी काही बोलला असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. वर 'ब्राझीलचं कार्नोबा'. हे खोटं नव्हतं. कार्नोबा नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं हे मेण खरोखर ब्राझीलहूनच येतं आणि मेणांमध्ये ते फार कडक मानतात. पण ते माझ्या गाडीवर लागलं का, हा प्रश्न वेगळा.

दोन हजार ॲडव्हान्स फोनवरून पाठवला, उरलेले साडेबारा रोख. बिल मागितलं तर "बिल पायजे तर अठरा टक्के वर". २,६१० रुपये वाचवले म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्याऐवजी एक चकचकीत, लॅमिनेट केलेलं गॅरंटी कार्ड मिळालं. पाच वर्षांचं.

दोन दिवसांनी संध्याकाळी गाडी ताब्यात घेतली. ट्यूबलाइटच्या रांगेखाली ती अशी झळकत होती की सौ. म्हणाली, "अहो, नवीन घेतल्यासारखी दिसतीय की." एकही ओरखडा दिसत नव्हता. सात दिवस धुऊ नका असं सांगितलं होतं, मी पंधरा दिवस धुतली नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे वॅक्सची परीक्षाच, गगनबावड्याच्या बाजूला दोन फेऱ्या झाल्या की चिखल खिडकीपर्यंत. तिसऱ्यांदा गाडी धुतली तेव्हा बॉनेटवरचं पाणी थेंब न होता साध्या पत्र्यावर पसरावं तसं पसरलं. जुलैत एके सकाळी ऊन पडलं आणि तेच कोळ्याचं जाळं जागच्या जागी दिसलं. एकही ओरखडा गेलेला नव्हता. फक्त झाकला होता.

फोन केला. "काका, मेंटेनन्स कोट चुकलाय तुमचा." कार्डाच्या मागं, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की दर तीन महिन्यांनी १,८०० रुपयांचा मेंटेनन्स कोट घेतला नाही तर गॅरंटी रद्द. तीन महिनेही झाले नव्हते असं म्हटल्यावर "पावसाचं पाणी ॲसिडिक असतंय" हे निघालं. त्यानंतर फोन उचलणं बंद.

आमच्या गल्लीत समोर पावडर कोटिंगवाला आहे. त्याच्याकडे डीएफटी मीटर असतं, पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी दाखवतं. एका दुपारी गाडी त्याच्या दारात लावली. छतावर ११४ आणि ११८. दरवाज्यांवर ११० च्या आगेमागे. बॉनेटच्या मध्यावर ९२. बॉनेटच्या पुढच्या धारेवर मीटर टेकवलं, आकडा आला ६१. त्यानं मीटर आपल्या सॅम्पल पत्र्यावर तपासून परत टेकवलं. ६०.

"मर्दा, वाढवायचं म्हणून पैसं दिलंस का काढायचं म्हणून?"

मशीनवर चकती आणि कडक कंपाउंड लावून त्यांनी बॉनेट दाबून घासलं होतं. धारेवर रंग आधीच पातळ असतो आणि चकतीचा सगळा भार तिथंच येतो, म्हणून जाणकार माणूस धारेला चिकटपट्टी लावून काम करतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, त्यातला वरचा क्लिअर कोट ४० च्या आसपास. उन्हापासून रंग वाचवणारा तोच. माझ्या धारेवर तो जवळजवळ संपलाय. आधीचं रीडिंग माझ्याकडे नाही, हे खरं. पण छताला त्यांनी मशीन लावलंच नव्हतं, त्यामुळे तुलना सरळ आहे. आता त्या जागी नखाएवढा फिकट डाग दिसायला लागलाय.

गणपतीला पुण्याहून भाचा आला. तो गाड्यांच्या डिटेलिंगचंच काम करतो. त्याला आधी विचारायचं सुचलं नाही, कारण घरच्या पोराला काय कळतंय, हा आपला खाक्या. त्यानं दोन मिनिटं बॉनेट बघितलं, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) घेऊन बॉनेटच्या आणि दाराच्या मधल्या खाचेजवळ पुसलं. तिथं उरलेली चमकही गेली. बोळा त्यानं माझ्या नाकाजवळ धरला. डॅशबोर्ड पॉलिशचा तो ओळखीचा गोडसर वास.

"मामा, यात कार्नोबा शोधायला ब्राझीललाच जावं लागेल. हे फिलरवालं ग्लेझ आहे, वरनं सिलिकॉन."

ग्लेझ म्हणजे ओरखड्यांच्या खाचांत भरणारी तेलकट लुकण. भिंतीच्या भेगा लुकणानं बुजवून वर रंग मारतात तसंच, फक्त हे लुकण तीन धुण्यांत निघून जातं. ग्लेझ लावणं हा गुन्हा नाही, लग्नाच्या वरातीसाठी गाडी सजवायची असेल तर खुशाल लावा. त्याला पाच वर्षांचं वॅक्स म्हणणं ही लबाडी.

मग थरांचा विषय निघाला. तो जे सांगत होता ते ऐकताना मला लेथवर शिकाऊ पोरगा उभा असतो तसं वाटत होतं. वॅक्सचा थर पाच मायक्रॉन असूच शकत नाही. पुसून काढल्यावर उरतो तो एका मायक्रॉनपेक्षाही कमी. दुसरा हात द्यायचा तो जाडी वाढवायला नाही, पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरायला. तिसऱ्या-चौथ्या हातातलं द्रावण खालच्याच वॅक्सला सैल करतं आणि पुसताना दोन्ही एकदम फडक्यावर येतात. म्हणजे सात थरांतले पाच थर फडक्यालाच लागतात.

आणि क्रम महत्त्वाचा. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी रसायनांचं बनवलेलं संरक्षक, आधी, तेही तेल-वॅक्स काहीच नसलेल्या स्वच्छ रंगावर, कारण त्याला रंगाला धरून बसायचं असतं. डब्यावर लिहिलंय तेवढे तास ते वाळू द्यायचं. कार्नोबा हवंच असेल तर त्याच्यावर, चमकेसाठी. उलट केलं तर सीलंट मेणावर बसतं आणि मेणाबरोबरच निघून जातं. नुसतं कार्नोबा आपल्याकडच्या उन्हात महिना-दीड महिना टिकलं तरी खूप. एप्रिलात बॉनेटला हात टेकवत नाही, तिथं तेलात कालवलेलं मेण किती दिवस धरून बसणार? खरोखर टिकाऊ म्हणून जी नावं त्यानं घेतली त्यात जपानचं फ्युसो कोट आणि अमेरिकेचं कॉलिनाइट होतं. फ्युसोच्या डब्यावर कंपनी बारा महिने लिहिते. भाच्याच्या मते उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला सहा धरून चाला. वॅक्समधला जगप्रसिद्ध डबाच एक वर्ष म्हणतोय, आणि मी पाच वर्षं ऐकून घेतली.

ओळखीतल्या ज्या तिघांचं वर म्हटलं त्यातल्या एकाला तर 'टेफ्लॉन कोटिंग' दिलंय. तव्यासारखं, म्हणे. टेफ्लॉन ज्याला म्हणतात ते पीटीएफई ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर बसवायला त्याहून जास्त तापवावं लागतं. तेवढी गाडी तापवली तर रंग, रबर, बंपर काहीच शिल्लक राहायचं नाही. पेस्टमध्ये त्याची पूड मिसळली म्हणून गाडीचा तवा होत नाही.

रविवारी भाच्यानं गाडी सावलीत घेतली. धुतली, क्ले फिरवली, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. हात फिरवला तर आधी वाळूच्या कागदासारखा लागणारा दरवाजा काचेसारखा गुळगुळीत. बॉनेटला मशीन लावायला त्यानं चक्क नकार दिला. "६० वर आणखी काय घासू? ओरखडे राहू देत." मग आयपीएनं पुसून फ्युसोचा हात. ओल्या फोमवर इतकं थोडं घेतलं की मला वाटलं चिक्कूपणा करतोय. बोट फिरवून बघायचं, रेघ स्वच्छ उठली की पुसायचं. अख्ख्या गाडीला डब्यातलं १५-२० ग्रॅम गेलं असेल. आता कोरडं फडकं बंद. काजळी पडली की आधी पाण्याचा फवारा. बोअरचं पाणी असेल तर थेंब वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि थेंब जितके टपोरे तितके डाग ठळक.

तुम्ही अशा दुकानात जाणार असाल तर गाडी देण्याआधी बॉनेट, छत, दरवाजे यांची रीडिंगं तुमच्यासमोर घेऊन कागदावर लिहून द्यायला सांगा. मीटर नाही म्हणाला तर मशीन लावू देऊ नका. बाटली सीलबंद बघा. माझ्या वेळी सगळं बिनलेबलाच्या स्प्रेच्या बाटल्यांत होतं. गाडी दुपारच्या उन्हात ताब्यात घ्या, ट्यूबखाली नाही, आणि पैसे देण्याआधी एक कोपरा आयपीएनं पुसून ओरखडे परत येतात का बघा. खरं पॉलिश केलेलं असेल तर ते येत नाहीत. फार तर त्या कोपऱ्याला परत वॅक्स लावावं लागेल.

आणि बिल घ्या. माझ्याकडे बिल नव्हतं, पण ॲडव्हान्सची नोंद, व्हॉट्सॲपवरचं 'सात थर, पाच वर्षं' आणि ते कार्ड होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हे लिहून दुकानाला नोटीस पाठवली. चौथ्या दिवशी मालक स्वतः वर्कशॉपला आला, चहा घेतला आणि सहा हजार परत दिले. बॉनेटचं काय, तर "ते कंपनीचंच पेंट तसं असणार." मी सहा हजारांवर गप्प बसलो. बसायला नको होतं, असं पावडर कोटिंगवाला अजून म्हणतो.

कार्ड माझ्याकडेच राहिलं. परवा लेथवरच्या पोरानं टूलखाली पॅकिंगला काहीतरी मागितलं, ड्रॉवरमध्ये तेच हाताला लागलं. मायक्रोमीटर लावून बघितलं, ३८० मायक्रॉन. हवं होतं तेवढंच. पण बोल्ट आवळल्यावर गत्ता दबला आणि टूल सेंटरच्या खाली गेलं. शेवटी पत्रा कापून घातला.