मिकुनी व्हीएम २४ : पोर्टिंग केलेल्या आरएक्स १००साठी कितपत योग्य?

यामाहा आरएक्स १००ला मुळात २० मिमीचा मिकुनी व्हीएम कार्बोरेटर येत असे आणि ९८ सीसीच्या न छेडलेल्या इंजिनासाठी तो पुरेसाच आहे. सिलिंडरचे पोर्टिंग (मिश्रण आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा घासून मोठ्या करणे) करून घेतले आणि मूळ सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे टू-स्ट्रोकची ताकद वाढवणारा फुगीर एक्झॉस्ट, बसवला की मात्र वरच्या आरपीएमला त्याच्यातून हवा पुरी पडत नाही. अशाच गाडीवर मी त्याच घराण्यातला व्हीएम २४ वापरत आहे. तो घेण्याजोगा नक्कीच आहे. पण पैसे वसूल होणे जवळजवळ सर्वस्वी ट्यूनिंगवर अवलंबून आहे.

या कार्बोरेटरची मोठी सोय अशी की त्यातील प्रत्येक भागाचा अंमल रेसच्या ठरावीक टप्प्यात चालतो. सुमारे अष्टमांश रेसपर्यंत पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची तोटी) आणि एअर स्क्रू, पुढे पावपर्यंत स्लाइडचा कटअवे (रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या तळाचा तिरका काप), पाव ते पाऊण सुई आणि त्यानंतर मेन जेट. हे टप्पे एकमेकांत थोडे मिसळतात, तरीही ग्रिपवर चिकटपट्टीने खुणा करून गाडी चालवली, तर ती नेमकी कुठे अडखळते ते समजते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ज्या जागी आयडलिंग सर्वांत चढे आणि स्थिर लागते, ती जागा एअर स्क्रू एक ते अडीच फेऱ्या उघडल्यावर सापडायला हवी. एका फेरीच्या आत सापडली तर पायलट जेट मोठा घ्यावा, अडीचच्या पुढे गेली तर लहान.

मेन जेटबाबत घाई मुळीच करू नये. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) राहिले तर टू-स्ट्रोकचा पिस्टन भराभर तापतो आणि सिलिंडरमध्ये धरतो, म्हणून नेहमी मोठ्या जेटने सुरुवात करून एकेक आकडा खाली यावे. जेट फार मोठा असेल तेव्हा पूर्ण रेसवर इंजिन एकाआड एक फेरीला पेटल्यासारखे भरड आवाज करते. तो आवाज जाऊन ओढ स्वच्छ झाली की तिथेच थांबावे. खात्रीसाठी मोकळ्या, सुरक्षित जागी पूर्ण रेसवरून क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. पोर्सेलीनच्या तळाशी कॉफीच्या रंगाची कडी दिसली तर मिश्रण ठीक आहे. तळ पांढराफटक दिसला तर गाडी तशीच दामटू नये.

बरेच मिस्त्री इंजिनाला टू-स्ट्रोक ऑइल पुरवणाऱ्या ऑइल पंपाकडे दुर्लक्ष करतात, म्हणून त्याविषयी मुद्दाम लिहितो. आरएक्समध्ये रेसची केबल दुभागून एक शाखा कार्बोरेटरला आणि दुसरी पंपाला जाते. नव्या कार्बोरेटरची स्लाइड पूर्ण उघडायला जुन्यापेक्षा जास्त उचलावी लागते, त्यामुळे पंपाचे जुने सेटिंग जुळत नाही. कार्बोरेटर बदलल्यावर पंपाची खूण पुन्हा जुळवलीच पाहिजे.

इंधनाचाही परिणाम होतो. एथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे ई-२० (२० टक्के एथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हवा आणि इंधनाचे प्रमाण सुमारे १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास लागते, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बरोबर बसलेला जेट ई-२०वर लीन ठरतो. उंचीवर याच्या उलट होते : मुंबईत नीट लागलेला जेट महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, रिच (पेट्रोल जास्त) वाटतो.

खरेदी करताना नकली मालापासून जपावे. नकली जेटवर छापलेला आकडा आणि त्यातून प्रत्यक्ष वाहणारे पेट्रोल यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि आकड्यावरच विश्वास ठेवता येत नसेल तर ट्यूनिंगला आधारच उरत नाही. म्हणून पायलट आणि मेन जेटचे आगेमागचे दोन-तीन आकडे कार्बोरेटरबरोबरच अस्सल घ्यावेत. इनटेकचा रबर जॉइंटही नवा टाकावा, कारण तिथून हवा ओढली जात असेल तर कोणताही जेट जागेवर बसणार नाही. इंजिन मूळ स्थितीत असेल तर मात्र २० मिमीचाच ठेवावा. मोठ्या भोकात कमी आरपीएमला हवेचा वेग मंदावतो आणि शहरात लागणारा पिकअप उलट घटतो.