जुन्या जीपचं पॉवर स्टीअरिंग किट: बॉक्स उत्तम, पण आधी किंगपिन बघा

सीजे-३बी असो की एमएम-५४०, जुनी जीप नागपुरात इतवारीच्या गल्लीत उभ्याउभ्या वळवायची म्हणजे खांदे भरून येतात. पुढे डिझेल इंजिनाचं वजन, त्यात हौसेने चढवलेले २३५/७५ आर १५ टायर. त्यावरचा इलाज म्हणून जे पॉवर स्टीअरिंग किट बसवलं जातं, त्याचा हा परिचय. किटात असतं ते असं: दुसऱ्या गाडीतून काढून नव्या सीलवर बांधलेला रिसर्क्युलेटिंग बॉलचा (आत गोळ्या फिरणारा) स्टीअरिंग बॉक्स, पंप, पुली, पंपाचं ब्रॅकेट, तेलाची टाकी, दोन होज, पिटमन आर्म (बॉक्सला लागून फिरणारा दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे ओढ नेणारा दांडा) आणि यूजे, म्हणजे युनिव्हर्सल जॉईंट, लावलेला स्टीअरिंग शाफ्ट. भाव इथे देत नाही, कारण जुना बॉक्स किती झिजलाय यावर तो ठरतो.

मत आधीच सांगतो. बॉक्स नीट बांधलेला असेल तर किट घेण्यासारखं आहे. उभ्या गाडीचं चाक एका हाताने फिरतं. पण हे किट जडपणा घालवतं, भरकटणं घालवत नाही. सरळ रस्त्यावर गाडी सतत डावी-उजवी सांभाळावी लागत असेल, तर ते दुखणं ॲक्सल, किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) आणि पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं आहे. त्यावर पॉवर स्टीअरिंग चढवलं की दुखणं झाकलं जातं: हाताला ढिलाई जाणवत नाही आणि बॉल जॉईंट तसेच झिजत राहतात.

म्हणून किटचं खोकं उघडण्याआधी पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या. चाक वर-खाली पकडून हलवा. झोल लागला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर झोल गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिन. विलीज (जीपची मूळ अमेरिकी कंपनी) घराण्याच्या फोर-व्हील-ड्राइव्ह ॲक्सलमध्ये किंगपिनला वर-खाली टेपर बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण कॅपखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) ठरतो. शिम काढली की ताण वाढतो. मापण्याची रीत सोपी आहे: तेलाचं मोठं सील बाहेर, टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) सुटा, तो जोडला जातो त्या आर्मच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचं. १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सव्वासात किलोवर आर्म फिरायला हवा. दोन किलोवर फिरत असेल तर ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडणार, आणि स्टीअरिंग डॅम्पर लावून ती थडथड फक्त लपेल. बेअरिंगच्या कपावर खाचा पडल्या असतील तर शिमचा खेळ करू नका, बेअरिंगच बदला. खाच पडलेला किंगपिन मधोमध अडकतो आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही. लोक त्याचा दोष नव्या बॉक्सवर ढकलतात. बुशवाला किंगपिन असलेल्या गाडीत नवे बुश ठोकून भागत नाही, पिनच्या मापाला रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारावा लागतो.

आता बसवणं. इथेच सर्वांत जास्त कामं बिघडतात. जीपची चासी उघड्या चॅनेलची आहे. हाताच्या जोरासाठी ती पुरत होती, पण उभ्या गाडीत पंपाच्या दाबाने चाकं वळवताना बॉक्स चासीला पिळतो. किटातलं ब्रॅकेट जाड पत्र्याचं असतं, त्यात वाईट काही नाही. पण ते थेट चॅनेलच्या एका पत्र्यावर बोल्टने आवळलं तर काही महिन्यांत भोकांच्या कडेने तडा जातो. बॉक्सच्या जागी चॅनेल आतून ५ मिमी पट्टीने बंद करून घ्या आणि प्रत्येक बोल्टसाठी आरपार जाड नळीचा तुकडा वेल्ड करा, म्हणजे बोल्ट आवळला तरी चॅनेल दबत नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, नट नायलॉकचे. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची तार काढलेली आणि ब्रेकचे पाईप बाजूला केलेले हवेत. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला लेथ आणि फॅब्रिकेशनची कामं नेहमीचीच, त्यामुळे नळीचे तुकडे मापात कापून घेणं अवघड जाऊ नये. किटासोबत हे तुकडे येत नाहीत, ही किटची पहिली उणीव.

पिटमन आर्म किंवा ड्रॅग लिंक कापून वेल्ड करून लांबी जुळवायला कोणी सांगितलं तर ते काम तिथेच थांबवा. हे फोर्ज केलेले भाग आहेत. वेल्डच्या कडेला धातू ठिसूळ होतो आणि तुटला तर चालत्या गाडीत तुटतो. लांबी जुळत नसेल तर दोन्ही टोकांना आटे असलेली, समायोजन होणारी लिंक घ्या.

स्टीअरिंग शाफ्ट ही दुसरी कच्ची बाजू. एका यूजेचा कोन ३० अंशांच्या आत राहिला पाहिजे आणि दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत हवेत. फोर्क फिरलेले असतील तर चाक एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. तीन यूजे लावायची वेळ आली तर मध्ये आधाराचं बेअरिंग हवंच. किटातला यूजे हातात धरून पिळून बघा, जरा जरी खडखड आली तर तो परत द्या.

बॉक्स मध्यावर आणणं दोन मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण ते वगळतात. लिंक न जोडता बॉक्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेऱ्या मोजा, बरोबर अर्ध्यावर खूण करा. चाकं सरळ ठेवून लिंक याच खुणेवर जोडायची आणि स्टीअरिंगचं चाक शेवटी सरळ बसवायचं. या बॉक्समध्ये मध्यभागी खेळ सर्वांत कमी असतो. मध्य चुकला तर सरळ रस्त्यावर गाडी बॉक्सच्या ढिल्या भागात चालते आणि नवा बॉक्सही लोळतो. वरचा स्क्रू जास्त आवळून हा खेळ घालवायचा मोह होतो. तसं केलं की स्टीअरिंग मधोमध चिकटतं आणि वळणानंतर परत येत नाही. शिवाय चाकं ॲक्सलवरच्या स्टॉपला आधी टेकली पाहिजेत, बॉक्स आतून टेकण्याआधी. नाहीतर पूर्ण वळणावर पंपाचा सगळा दाब पिटमन आर्म आणि बॉक्सवर येतो.

पंपाची पुली इंजिनाच्या पुलीशी सरळ पट्टी लावून जुळवा. पट्टा अंगठ्याने मधोमध दाबल्यावर १० ते १२ मिमी दबावा. ढिला पट्टा उभ्या गाडीत वळवताना किंचाळतो, फार ताणलेला पंपाचं बेअरिंग खातो. दाबाचा होज यंत्रावर क्रिम्प केलेला घ्या, क्लिप लावलेला कधीच नाही. आणि तो एक्झॉस्टपासून चार बोटं तरी लांब न्या. नागपूरचा मे महिना रबराला सोडत नाही. परतीच्या लाईनवर एक छोटा कूलर किंवा लांब धातूच्या नळीचा वळसा द्या. किटातल्या टाकीत जाळी नसेल तर जाळीवाली टाकी घ्या, कारण जुन्या बॉक्समधला कचरा थेट पंपात जातो.

तेल भरल्यावर घाईने इंजिन सुरू करू नका. पुढची चाकं जमिनीवरून उचला, इंजिन बंद ठेवा, स्टीअरिंग सावकाश १५-२० वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि टाकी भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन, तेही आयडलवर. तेलाला फेस आला किंवा रंग दुधाळ झाला तर हवा अजून आत आहे. टोकाला चाक पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका.

पाट्यांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. कमानवाल्याकडे गेलं की पहिला सल्ला मिळतो एक पाटा वाढवण्याचा. पुढे कमान घातली की गाडी दोन इंच उंच दिसते आणि मालक खूश होतो. पण हलक्या जीपला जाड पाटा लवचिकपणा ठेवत नाही, आणि उंची वाढली की ड्रॅग लिंक तिरकी होते. तिरकी लिंक खड्ड्यात ॲक्सल वर येताच स्वतःच चाक वळवते. उभ्या गाडीत लिंक जमिनीला जवळजवळ समांतर दिसली पाहिजे, हा साधा नियम. त्यामुळे पाटे आधी ठरवा, बॉक्सची उंची नंतर. चांगलं काम म्हणजे तेच पाटे उघडून, गंज घासून, ग्राफाईट ग्रीस लावून, पुन्हा कमान देऊन बांधलेले. मेन पाट्याचा डोळा ओवल झाला असेल तर पाटा बदला. यू-बोल्ट नवेच घ्या, ताणलेले जुने पुन्हा पकड देत नाहीत. रबरी बुशवाले शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

लांब शॅकलने गाडी उंच करणाऱ्यांसाठी: शॅकल पुढच्या टोकाला असेल तर त्याची लांबी वाढवल्यावर ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. विलीजचं मूळ माप कॅस्टर ३ अंश, कॅम्बर (चाकाचा वरून बाहेरचा कल) दीड अंश, टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली ते) १.२ ते २.४ मिमी असं आहे. पॉवर स्टीअरिंगवर कॅस्टर ४ ते ५ अंश केलं तर वळणानंतर चाक छान परत येतं, आणि जडपणाची भीती आता उरलेली नसते. त्यासाठी पोलादी पाचर वापरा. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे, पाटा वर असेल तर जाड बाजू मागे. ॲल्युमिनियमची पाचर चिरडते, ती नको. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये यामुळे पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या यूजेचा कोन वाढतो, तेव्हा २-३ अंशांहून जास्तीची पाचर घालू नका. टो-इन शेवटी, गाडी थोडी पुढे ढकलून स्थिरावल्यावर मोजा.

चाचणीला सिमेंट रस्त्यासारखी कसोटी नाही. तिथले जोड ५०-६० च्या वेगाला पुढच्या ॲक्सलला सारखे ठोके देतात. किंगपिन किंवा टाय रॉड एंड कच्चा असेल तर थडथड तिथेच सुरू होते. मग वर्धा रोडच्या डबल डेकर उड्डाणपुलावर स्टीअरिंगवरची पकड सैल करून, हात न काढता, गाडी ओढते का ते बघा. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर चाक स्वतःहून किती परत येतं ते कळतं. ५०० किमीनंतर बॉक्सचे बोल्ट, यू-बोल्ट आणि पट्टा पुन्हा तपासा. बोल्टवर रंगाची रेघ मारून ठेवली असेल तर सरकलेला बोल्ट लगेच दिसतो. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी घालत असाल तर शॅकल आणि टाय रॉडचे रबरी बूट धुऊन बघत जा, चिखल सुकला की बूट फाडतो.

कामाआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी दाखवावीच लागते.

मूळ ६.००-१६ च्या अरुंद टायरवर चालणारी पेट्रोल जीप असेल तर हे किट घेऊ नका. तिला जुना कॅम-लिव्हर बॉक्स पुरतो: वरच्या कव्हरखालच्या शिमने बेअरिंगचा खेळ काढायचा, बाजूचा स्क्रू चाकं सरळ ठेवून जुळवायचा, बेलक्रँकचा (ड्रॅग लिंकची ओढ टाय रॉडकडे वळवणाऱ्या आर्मचा) बुश आणि पिन नवे टाकायचे, आणि किंगपिनचं काम वर सांगितलं तसंच करायचं.