मराठी नावं जुळवायला क्यूटी मस्त, पण ऱ सांभाळा

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी गाड्यांचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर क्यूटीत, म्हणजे प्रोग्रॅम बनवायच्या सी++ लायब्ररीत, केलंय, दोन सीझन झाले रोज वापरात आहे. बटणं, टेबलं चांगलीच आहेत, त्यावर सगळे बोलतात, मला क्यूस्ट्रिंगबद्दल, म्हणजे त्यातल्या मजकूर सांभाळणाऱ्या भागाबद्दल, सांगायचंय.

झालं असं की रिपोर्टात बऱ्हाणपूर दोनदा यायला लागलं, एकाखाली 11 गाड्या, दुसऱ्याखाली 3. स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब, शेठ म्हणे भाऊ, गाव एकच आहे ना? मला वाटलं मागे स्पेस राहिली असेल, कडेच्या स्पेस काढणारं ट्रिम्ड लावलं, काही फरक नाही. शेवटी एकेक अक्षराचा कोड छापला तेव्हा सापडलं. एका कॉम्प्युटरवर शिफ्ट धरून अख्खा ऱ टाइप झालेला, कोड 0931, आणि दुसऱ्यावर साधा र, 0930, त्याच्या पुढे वेगळा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब. == फक्त आतले यूटीएफ-16 कोड जुळवतं, डोळ्याला काय दिसतं त्याच्याशी त्याचं घेणंदेणं नाही, आणि पासवर्ड, बिल नंबर यांना तसंच पाहिजे. पण गावाचं, माणसाचं नाव असेल तर आधी दोन्हीकडे नॉर्मलाइज्ड लावा, ते एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करतं, त्याला फॉर्म सी, म्हणजे जोडून एक कोड करायचा प्रकार, द्या, दोन्ही ऱ एक होतात. एका ओळीचं काम! बऱ्हाटे आडनावाची खातीसुद्धा त्यातच जुळली.

जुन्या फायलींत अजून एक प्रकार निघाला, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कोड, झेडडब्ल्यूजे म्हणतात तो. दिसायला तोच ऱ्ह, पण याला नॉर्मलाइज्ड हात लावत नाही, रिप्लेस स्वतः लिहावं लागतं. मी ते नाव सेव्ह होतानाच करतो, शोधताना नाही, म्हणजे डेटाबेसात घाण जातच नाही.

यादी क्रमाने लावायला क्यूटीतलाच क्यूकोलेटर घ्या, क्यूटी 5.2 पासून आहे. न्यूमेरिक मोड चालू केला की लॉट 2 आधी आणि लॉट 10 नंतर येतो, साध्या कंपेअरने उलटं होतं. फक्त हे विंडोजवर विंडोजच्या नियमांनी चालतं आणि लिनक्सवर बहुतेक आयसीयू नावाच्या भाषांच्या लायब्ररीच्या, म्हणून ज्या मशीनवर द्यायचंय तिथेच तपासा. आणि नवीन पोरांनो, दोन्ही मजकूर सारखे असले की कंपेअर 0 देतं, इफमध्ये तसंच टाकलं तर सगळं उलटं चालेल.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या झेडडब्ल्यूजेसाठी कापला, कारण मराठीत ऱ्य आणि ऱ्ह रोज लागतात.